प्रश्न क्रमांक सत्तेचाळीस

एकोणीस वर्षं मी बांजुलच्या सभागृहात लघुलेखक होतो.
काम एवढंच: बोललेलं उतरवायचं,
खोकला गाळायचा,
हशा कंसात घालायचा.

अरामाता कुजाबीचं पहिलं वाक्य
मी शेजाऱ्याला विचारून खात्री करून लिहिलं.
"सभापती महोदय, माझ्या पायांना चिखलाचा वास येत असेल
तर खिडकी उघडावी."
(हशा.)

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं,
बाई, इंग्रजी कुठे शिकलात?
"सेरेकुंदाच्या बाजारात, कालवं विकता विकता.
म्हणून तर माझ्या इंग्रजीत
भाव करायची सोय आहे."
हेही छापलेलं आहे. खंड बारा, पान तीनशे चार.

कासाबेनच्या खाडीत तिची आई, आईची आई,
तिवरांच्या मुळांवरची कालवं कोयत्याने सोडवत आल्या.
ती म्हणायची, ओहोटीचं वेळापत्रक
हा देशातला एकच कायदा
जो मंत्र्याच्या होडीलाही चिखलात बसवतो.

तिने हातमोजे मागितले. रबरी, तीन हजार जोड.
उत्तर आलं, पुढच्या अर्थसंकल्पात.
पुढच्या अर्थसंकल्पाला ती चालत पुढे आली
आणि दोन्ही तळहात सभापतींच्या मेजावर उताणे ठेवले.
"यातला कोणता व्रण कोणत्या लेखाशीर्षाखाली बसतो,
मंत्र्यांनी सांगावं."
तळहात कसे लिहायचे?
मी लिहिलं: (व्यत्यय.)
मोजे आले चौदा महिन्यांनी,
सगळे पुरुषांच्या मापाचे.

मग तो ऑगस्ट. होडी उलटली.
नऊ बायका. त्यांतली एक तिची धाकटी जाऊ,
सहा महिन्यांची पोटुशी.
लाइफ जॅकेटांचा प्रश्न, क्रमांक सत्तेचाळीस,
आधीपासूनच यादीत होता,
तीन अधिवेशनं पुढे ढकललेला.

पुकारा झाला.
ती उभी राहिली.
बोलली नाही.

पंखा फिरत होता.
सभापतींनी घड्याळाकडे पाहिलं, मग कागदांकडे,
मग कुठेच नाही.
कुणी हलकेच आमीन म्हणालं.
माझ्या पेनचं टोक कागदावर टेकलेलं,
शाईचा ठिपका पसरत पसरत वाटाण्याएवढा झाला.
अकरा मिनिटं.
तेवढ्यात भरतीचं पाणी
घोट्यापासून गुडघ्यापर्यंत येतं, हे मला नंतर कळलं.

नियम असा, की जे उच्चारलं नाही ते झालं नाही.
संध्याकाळी मी टंकलं:
"प्रश्न क्रमांक ४७. माननीय सदस्येने विचारला नाही."

पुढच्या निवडणुकीत ती एकसष्ट मतांनी पडली.
समोरच्याने त्याच पानाच्या झेरॉक्स
धक्क्याधक्क्यावर वाटल्या होत्या.
बघा, तुमची बाई
मेलेल्यांसाठी साधं तोंडही उघडू शकली नाही.

निवृत्तीनंतर सातव्या महिन्यात मी कासाबेनला गेलो.
ती धुरात बसली होती, कालवं वाफवत,
डोक्याला सभागृहात बांधायची तोच निळा रुमाल,
आता विटलेला.
मी म्हटलं, ते वाक्य माझं होतं.
तिने अतायाचा दुसरा पेला उंचावरून ओतला,
फेस येईपर्यंत,
पुन्हा ओतला.
"ठाऊक आहे. तुझ्या यंत्राचा ई तुटका होता.
झेरॉक्समध्येही दिसायचा."

एवढंच. मी माफी मागायचे शब्द
वाटेत, फेरीबोटीत, नीट जुळवून आणले होते.
ते तिने मागितलेच नाहीत.
एक बोथट चाकू माझ्या हातात दिला,
पाटीभर शिंपले माझ्या पायांपाशी पालथे केले.
सोल.

मोजे होते भिंतीला, खिळ्यावर, मोठ्या मापाचे,
एकात कोंबडी अंडी घालते म्हणे.

तिसऱ्याच शिंपल्याने अंगठा कापला.
मी ओरडलो.
"कंसात घाल," ती म्हणाली,
आणि पाटी आणखी जवळ सरकवली.